आराखडा : प्रबंधाआधीची परीक्षा



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्यापाशी डॉक्टरेट नव्हती. तरीही संशोधनाचा आराखडा कशाला म्हणतात, हे मला विद्यापीठाने नव्हे, त्यांनी शिकविले. त्या ऋणाची हकीकत हाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

१९७७ साली मी पीएच.डी.साठी विषय योजला : 'मध्यभारतातील मराठी वाङ्मय'. अठ्ठावीस पानांचा आराखडा घेऊन मोठ्या उमेदीने समितीपुढे उभा राहिलो. एका सदस्यांनी शांतपणे विचारले, "मध्यभारत म्हणजे कोणता? १९४८ साली स्थापन होऊन १९५६ साली मध्य प्रदेशात विलीन झालेले राज्य, की त्यापूर्वीची संस्थाने?" मी म्हणालो, "दोन्ही." "आणि वाङ्मय म्हणजे? त्यात बखरी, दफ्तरे, कीर्तने, नाटके सारे येणार?" मी पुन्हा म्हणालो, "सारे." समितीने आराखडा परत केला.

अपमान जिव्हारी लागला. अध्यापनाची नोकरी नवी होती, घरची जबाबदारी होती. संशोधनाचा नाद सोडून द्यावा, असेच मनाने घेतले. त्याच संध्याकाळी लष्करातील गुरुवर्यांच्या घरी गेलो आणि समितीविषयी नाही नाही ते बोललो. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "अरे, त्यांचा प्रश्न चुकीचा होता का?" मी गप्प झालो. मग म्हणाले, "समिती राहू दे. उद्या सकाळी कोणते पुस्तक उघडशील आणि त्यात काय शोधशील, ते सांग." मला सांगता येईना.

त्यांनी फळीवरून राजकवी भा. रा. तांबे यांची समग्र कविता काढली. माधव जूलियन यांनी संपादिलेली. तांबे यांचा जन्म १८७३ साली मुंगावलीचा. त्यांचे आयुष्य या भागातल्या संस्थानांत गेले आणि १९४१ साली ग्वाल्हेरीतच त्यांचे निधन झाले. गुरुवर्यांनी एका कवितेच्या माथ्यावर बोट ठेवले. तेथे जाती, राग, ठिकाण आणि दिनांक छापला होता. "हे तू कितीदा वाचलेस?" ते म्हणाले. कविता अनेकदा वाचली होती. माथा एकदाही वाचला नव्हता.

त्या बोटाखाली माझा विषय होता. तांबे यांच्या कवितेतील गेयतेचा त्यांच्या रचनास्थळांशी काही संबंध लागतो का, हा एकच प्रश्न घेऊन मी नऊ पानांचा नवा आराखडा लिहिला. कोणत्या कविता घेणार, कोणत्या वगळणार आणि का, आवृत्त्या कशा ताडून पाहणार, एवढेच त्यात होते.

दुसऱ्या खेपेस त्याच सदस्यांनी विचारले, "हे राग-निर्देश कवीचे कशावरून? संपादकाचेही असू शकतील." मी म्हणालो, "शक्य आहे. म्हणूनच पहिले प्रकरण त्याच तपासणीचे ठेवले आहे." "आणि स्थळाचा व रागाचा संबंध लागलाच नाही तर?" "तर तसेच लिहीन." ते प्रथमच हसले. विषयास मान्यता मिळाली.

पुढे मार्गदर्शक म्हणून मी अनेक आराखडे वाचले. विद्यार्थी शीर्षकावर महिनोन्‌महिने घालवितात. साधने कोठे आहेत, ती पाहावयास मिळतील का, याचा विचार शेवटी करतात. समितीपुढे ते शीर्षकाचे समर्थन करू लागतात आणि तेथेच अडतात. समर्थन करावयाचे ते प्रश्नाचे. आणि ज्याचे उत्तर 'नाही' असे येऊच शकत नाही, तो प्रश्नच नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे आराखडा संशोधन सल्लागार समितीपुढे जातो. समित्यांची नावे बदलतात, ही कसोटी बदलत नाही.

आपल्या या शाळेतील जी मुले उद्या संशोधनाकडे वळतील, त्यांना गुरुवर्यांचा प्रश्न सोपवितो : उद्या सकाळी कोणते पुस्तक उघडाल आणि त्यात काय शोधाल? याचे उत्तर जेव्हा एका वाक्यात देता येईल, तेव्हा आराखडा लिहावयास बसावे. माझी ती परत आलेली अठ्ठावीस पाने मी अद्याप जपून ठेवली आहेत. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवरच नवा आराखडा लिहिला होता.