जुन्या डिझेल पिकअपचा धूर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर

(इंद्रवेल्ली येथे सीमाभागातील मराठी भाषक वाहनचालक व वाहनमालक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो आपल्या रोजच्या वाटेवरचा आहे. गुडीहथनूरचा फाटा सोडून इंद्रवेल्लीकडे व पुढे उटनूरच्या डोंगराळ भागाकडे जाताना पिकअप गाड्या किती उपयोगी पडतात हे मी आपणांस सांगावयास नको. हंगामात कापूस, बाजाराच्या दिवशी भाजीपाला व किराणा, आणि पौष अमावस्येच्या सुमारास केस्लापूरच्या नागोबाच्या यात्रेचे सामानसुमान या गाड्या वाहतात. इ. स. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. परंतु बाजारहाट व सोयरिकी यांनी ती सीमा मानली नाही, आणि आपल्या गाड्याही मानीत नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील धुराविषयीचा ११५ वा नियम दोन्ही राज्यांत एकच आहे. म्हणून हा विचार एकत्र बसून करणे योग्य होय.

वाहनमालकांकडून दोन प्रश्न वारंवार विचारले जातात. पहिला असा की, "माझी जुनी गाडी काळा धूर ओकते, तिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसविला तर धूर जाईल काय?" आणि दुसरा याच्या उलट, "माझ्या गाडीला कन्व्हर्टर आहे, पण गाडी चढाला ओढत नाही. तो काढून टाकू काय?" दोन्ही प्रश्नांचे उत्तर "नाही" असेच आहे. ते का, हे समजून घेण्यासाठी या उपकरणाचे कार्य प्रथम पाहू.

कन्व्हर्टर बाहेरून सायलेन्सरच्या डब्यासारखा दिसतो. आत मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची, चिनी मातीच्या जातीची किंवा पातळ पोलादी पत्र्याची जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम अशा मौल्यवान धातूंचा अतिशय सूक्ष्म लेप दिलेला असतो. हे धातू स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रिया घडवून आणतात. म्हणून त्यांना उत्प्रेरक म्हणतात. यूजीन हूड्री या फ्रेंच अभियंत्याने अमेरिकेत १९५० च्या दशकात मोटारींसाठी असे उपकरण सिद्ध केले. आपल्या देशात १९९५ साली चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना ते सक्तीचे झाले, कारण शिसेविरहित पेट्रोल तेथे प्रथम उपलब्ध करण्यात आले होते. शिसे हे उत्प्रेरकाचे विषच होय.

डिझेलच्या बाबतीत असा अडसर गंधकाचा होता. गंधक उत्प्रेरकाची शक्ती क्षीण करते, आणि तापलेल्या प्लॅटिनमवर त्याचे सल्फेट होऊन धुरातील कणांत भर पडते. भारत स्टेज ३ च्या डिझेलमध्ये दर दहा लक्ष भागांत ३५० भागांपर्यंत गंधकास मुभा होती. स्टेज ४ मध्ये ती ५० वर आली. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या स्टेज ६ च्या डिझेलमध्ये ती अवघी १० आहे. म्हणजे गाडी जुनी असली तरी तिच्या टाकीत आज पडणारे डिझेल पूर्वीपेक्षा कितीतरी निर्मळ आहे. मात्र त्यात रॉकेलची भेसळ केली तर हा लाभ जातो, आणि वंगणाअभावी पंपही लवकर झिजतो.

आता मुख्य मुद्दा. डिझेल गाडीचा साधा कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आणि न जळलेल्या इंधनाची वाफ यांचे ज्वलन पूर्ण करतो. काळा धूर मात्र काजळीच्या घन कणांचा असतो, आणि ते कण जाळीच्या छिद्रांतून सरळ पार निघून जातात. काजळी अडविण्यासाठी निराळा फिल्टर लागतो. तो स्टेज ६ च्या बहुतेक गाड्यांत असतो, आणि साचलेली काजळी जाळण्यासाठी त्या इंजिनात इलेक्ट्रॉनिक व्यवस्थाही असते. यांत्रिक पंपाच्या जुन्या गाडीस ही व्यवस्था नाही. शिवाय कन्व्हर्टर सुमारे २०० ते २५० अंश सेल्सियस तापल्यावाचून काम करीत नाही. थांबून घरघरणाऱ्या गाडीचा धूर इतका तापत नाही. तेव्हा काळ्या धुरावर कन्व्हर्टर हा उपाय नव्हे.

काळा धूर म्हणजे हवा कमी आणि डिझेल अधिक. त्याचा उगम एअर फिल्टर, नोझल आणि पंप या तीन ठिकाणी शोधावा. धुळीच्या रस्त्यावर फिल्टर लवकर चोंदतो. तेलाच्या फिल्टरमधील तेलही धुळीने चिखलासारखे होते. नोझलने डिझेलचा बारीक फवारा न मारता थेंब टाकले की ते पुरते जळत नाही. पंपाचा स्क्रू पिळून डिझेल वाढविले की ओढ थोडी वाढल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात मालकाचे डिझेल काजळी होऊन वाऱ्यावर जाते. निळसर धूर दिसल्यास इंजिन ऑइल जळत आहे असे समजावे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिल्यास डिझेल न जळता बाहेर पडत असते किंवा सिलिंडरमध्ये पाणी उतरत असते.

आता दुसरा प्रश्न. स्टेज ३ व ४ च्या अनेक हलक्या डिझेल गाड्यांना कारखान्यातूनच कन्व्हर्टर आलेला आहे. त्याची जाळी काजळीने व जळलेल्या ऑइलच्या राखेने चोंदली की धुरास वाट मिळत नाही, इंजिन गुदमरते व ओढ कमी होते. मग डबा कापून जाळी ठोकून काढावी, असा सल्ला मिळतो. जाळीतील धातूला मोल असल्याने तो देणाऱ्याचाही त्यात लाभ असतो. परंतु ज्या दोषामुळे जाळी चोंदली तो दोष इंजिनात तसाच राहतो. आधी फिल्टर, नोझल, पंप आणि ऑइलचा खप तपासावा. त्यानंतरही जाळी निकामी ठरली तर योग्य प्रकारची नवी बसवावी. मूळ रचनेत असा फेरफार करणे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ लाही धरून नाही.

धुराच्या नळीकडे तर आपले सर्वांत कमी लक्ष असते. धुरातील पाण्याची वाफ व आम्ल यांनी सायलेन्सर आतून गंजतो. मेनिफोल्डचे गॅस्केट फुटले किंवा सांधा सुटला की सांध्याभोवती काजळीचे काळे ओघळ दिसतात. ही गळती केबिनखाली असेल तर विषारी वायू चालकाच्या श्वासात जातो; त्यास रंग नाही, वास नाही. मालवाहू गाडीत माणसे बसविणे नियमाला धरून नाही हे आपण जाणता. तरीही मजूर व लेकुरवाळ्या बाया हौद्यात बसलेल्या दिसतात, हेही आपण जाणता. ताडपत्री टाकून मागची बाजू उघडी ठेवली की धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर आत ओढला जातो. नळी हौद्याखालीच तोडलेली असेल तर तो फळ्यांच्या फटींतून वर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर माणसास कर्करोग करणारा असल्याचे घोषित केले आहे. तो धूर हौद्यातल्या तान्ह्या मुलाच्या नाकात जातो, ही गोष्ट आपण मनात ठेवावी.

कापूस वाहणाऱ्यांस एक इशारा. नळीतून काजळीची निखाऱ्यासारखी ठिणगी उडू शकते. गळक्या सांध्यावर कापूस लोंबू देऊ नये, आणि तापलेली गाडी वाळल्या गवतावर किंवा पऱ्हाट्यांवर उभी करू नये.

शेवटी प्रमाणपत्राविषयी. पहिल्या नोंदणीस एक वर्ष झाल्यावर धूर तपासणीचे प्रमाणपत्र लागते. स्टेज ४ पूर्वीच्या गाड्यांस त्याची मुदत सहा महिने, तर स्टेज ४ व त्यानंतरच्या गाड्यांस एक वर्ष असते. तपासणीत इंजिन तापवून ॲक्सिलरेटर एकदम दाबतात व धुराची अपारदर्शकता मोजतात. स्टेज ४ पूर्वीच्या गाडीस ६५ हार्ट्रिज एककांची मर्यादा आहे, स्टेज ४ च्या गाडीस ५० ची. तपासणीपुरता पंप कमी करून दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढविणारे मालक आहेत. कागद त्यांना मिळतो. पण धूर त्यांच्याच गावाच्या वाटेवर राहतो, आणि डिझेलचे पैसेही त्यांच्याच खिशातून जातात.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे की, पुढील खेपेआधी आपण गाडीखाली वाकून नळीचा प्रत्येक सांधा पाहावा, फिल्टर उघडावा आणि नोझल तपासून घ्यावेत. नवा कन्व्हर्टर घेण्यापेक्षा याला खर्च पुष्कळ कमी येतो, आणि धूर कमी होतो तो यानेच.