आमच्या वतीने कोण बोलणार?
खासदार एलिनॉर रॅथबोन यांचे स्त्री-हक्कांचे संसदीय कार्य

(मंडळाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही विषय निवडला आहे तो एका इंग्रज बाईचा. इंग्रजांचे राज्य जाऊन इतकी वर्षे लोटली, आता त्यांच्या पार्लमेंटमधल्या बाईची कहाणी आपल्याला कशाला, असे काहींना वाटेल. परंतु या बाईने ज्या स्त्रियांसाठी पार्लमेंटमध्ये आवाज उठवला त्यांत आपल्या आज्या-पणज्या होत्या. त्यांचे लग्नाचे वय किती असावे, त्यांना मत असावे की नसावे, यावर लंडनमध्ये चर्चा होत होती. आपल्या घरच्या बायकांविषयी परक्या देशात काय बोलले गेले, कोणी बोलले आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हे आपण समजून घेतलेच पाहिजे.

एलिनॉर रॅथबोन यांचा जन्म १२ मे १८७२ चा. लिव्हरपूलच्या श्रीमंत व्यापारी घराण्यातल्या त्या कन्या. वडील विल्यम रॅथबोन हे खासदार होते. ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात शिक्षण झाले. मनात आणले असते तर त्या घरी सुखाने बसू शकल्या असत्या. परंतु त्या लिव्हरपूलच्या गोदीकडे वळल्या. गोदीतल्या रोजंदारीच्या हमालाला आज काम मिळे, उद्या मिळत नसे. त्याच्या घरी मुलांच्या तोंडात घास कसा पडतो, विधवा झालेली बाई धर्मादायाच्या पैशावर कशी दिवस काढते, याची त्यांनी घरोघर जाऊन पाहणी केली. १९०९ मध्ये त्या लिव्हरपूल नगरपालिकेवर अपक्ष म्हणून निवडून आल्या. तेथे निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री सदस्य.

पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या बायकांना सरकारकडून थेट भत्ता मिळू लागला. घरात मुले जितकी जास्त, तितका भत्ता जास्त. रॅथबोन यांनी त्या वाटपाचे काम पाहिले. पैसा बाईच्या हातात पडला म्हणजे तो मुलांच्या पोटात जातो, ही गोष्ट त्यांना तेथे पुरती पटली. याच अनुभवातून त्यांनी १९२४ मध्ये ‘द डिसइनहेरिटेड फॅमिली’ हा ग्रंथ लिहिला. बाई घरात राबते, मुले वाढवते, पण त्या कामाचा पगार कोणी देत नाही. म्हणून मुलांसाठीचा भत्ता राज्याने द्यावा आणि तो आईच्या हाती द्यावा, हे त्या ग्रंथाचे सार. ही मागणी त्यांनी पुढे वीस वर्षे सोडली नाही.

१९२९ च्या निवडणुकीत त्या पार्लमेंटमध्ये गेल्या. त्या वर्षी ६१५ सदस्यांच्या सभागृहात निवडून आलेल्या स्त्रिया होत्या अवघ्या १४. रॅथबोन कोणत्याही पक्षाच्या नव्हत्या. ‘कंबाइंड इंग्लिश युनिव्हर्सिटीज’ या पदवीधरांच्या मतदारसंघातून त्या अपक्ष म्हणून आल्या आणि मरेपर्यंत त्याच मतदारसंघाच्या खासदार राहिल्या. पक्ष नाही, मंत्रिपदाची आशा नाही. मग हातात काय होते? प्रश्नोत्तराचा तास, चर्चा, दुरुस्ती सूचना आणि पत्रव्यवहार. एवढ्या भांडवलावर त्यांनी सोळा वर्षे सरकारला जाब विचारला. त्या समोरून येताना दिसल्या की मंत्री वाट बदलत, असे सांगतात. विद्यार्थी मित्रांनी हे लक्षात ठेवावे, की विधिमंडळातला एकटा सदस्यसुद्धा पुष्कळ काही करू शकतो. मात्र त्याने अभ्यास केलेला असला पाहिजे.

आता त्यांच्या हिंदुस्थानविषयीच्या कार्याकडे वळू. १९२७ मध्ये कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईचे ‘मदर इंडिया’ हे पुस्तक निघाले. त्यात बालविवाह आणि बाळंतपणातील मृत्यू यांचे भीषण चित्र होते. ‘हे लोक स्वराज्याला लायक नाहीत’ असा त्या लेखनाचा सूर होता, म्हणून देशभर संताप उसळला. रॅथबोन यांनी ते पुस्तक वाचले आणि त्या अस्वस्थ झाल्या. ज्या देशावर आपले सरकार राज्य करते त्या देशातल्या मुलींची जबाबदारी आपल्यावरही येते, असे त्यांच्या मनाने घेतले. भावना प्रामाणिक होती. पण पहिले पाऊल चुकले.

ऑक्टोबर १९२९ मध्ये त्यांनी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये हिंदी स्त्रियांच्या प्रश्नावर परिषद भरवली. परिषद हिंदी स्त्रियांविषयी, परंतु भरवणाऱ्या आणि बोलणाऱ्या बहुतेक इंग्रज. त्या वेळी लंडनमध्ये राहणाऱ्या श्रीमती धन्वंती रामा राव सभेत उभ्या राहिल्या आणि त्यांनी हरकत घेतली. आमच्या देशातील सामाजिक दोष दूर करण्याचे काम आमच्या स्त्रिया करीतच आहेत, त्यांना वगळून आमच्याविषयी ठरविण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. याच धन्वंतीबाईंनी पुढे १९४९ मध्ये मुंबईत कुटुंब नियोजन संघटनेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. म्हणजे दोष झाकण्यासाठी त्या बोलल्या नव्हत्या. त्यांचा मुद्दा होता तो बोलण्याच्या अधिकाराचा.

मित्रहो, हा मुद्दा आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. पुढच्याच काळात गोलमेज परिषदेत अस्पृश्यांच्या वतीने कोण बोलणार, हाच वाद पेटला होता. आमच्या दुःखाविषयी कळवळा असणे वेगळे आणि आमचे प्रतिनिधी होणे वेगळे, हे पूज्य बाबासाहेबांनी तेथे जगाला ऐकवले.

डिसेंबर १९२९ मध्ये हाऊस ऑफ कॉमन्समध्ये रॅथबोन आणि डचेस ऑफ अथॉल यांनी केनियातील किकुयू जमातीत मुलींच्या जननेंद्रियांची छाटणी करण्याची जी प्रथा होती तिच्यावर सरकारला धारेवर धरले. हा विषय सभागृहात उच्चारण्याचीही तेव्हा पुरुषांना लाज वाटे. प्रथा क्रूर होती यात शंका नाही. परंतु तिच्याविरुद्ध मिशनऱ्यांनी उगारलेला बडगा किकुयूंना आपल्या जमिनी घेणाऱ्या राज्यकर्त्यांचाच बडगा वाटला. अनेक पालकांनी मुले मिशनच्या शाळांतून काढली आणि आपल्या स्वतंत्र शाळा उभारल्या. प्रथा चालूच राहिली, उलट ती अस्मितेची खूण झाली. या प्रथेवर सर्वंकष बंदीचा कायदा झाला तो २०११ मध्ये, स्वतंत्र केनियाच्या स्वतःच्या संसदेत.

रॅथबोन यांचा मोठेपणा असा, की त्या चुकीतून शिकल्या. १९३२ च्या सुरुवातीला त्या स्वतः हिंदुस्थानात आल्या, निरनिराळ्या प्रांतांत फिरल्या आणि स्त्री संघटनांच्या कार्यकर्त्यांना भेटल्या. राधाबाई सुब्बरायन, राजकुमारी अमृत कौर, डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. १९३४ मध्ये त्यांनी हिंदुस्थानातील बालविवाहावर ‘द इंडियन मिनोटॉर’ या नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात शारदा कायद्याची जी चिकित्सा आहे ती आजही वाचण्यासारखी आहे.

शारदा कायदा म्हणजे १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा. त्याच सुमारास संमतिवयाच्या चौकशीसाठी जी समिती नेमली होती तिचे अध्यक्ष आपल्याच विदर्भातले सर मोरोपंत जोशी होते. कायद्याने मुलीचे वय १४ व मुलाचे १८ ठरवले. ऑक्टोबर १९२९ मध्ये कायदा झाला, पण अंमल सुरू व्हायचा होता १ एप्रिल १९३० पासून. मधल्या सहा महिन्यांत काय झाले? कायद्याच्या आत उरकून घ्या म्हणून लोकांनी पाळण्यातल्या मुलींचीही लग्ने लावली! १९३१ च्या शिरगणतीत पंधरा वर्षांखालील विवाहित मुलींचा आकडा आधीच्या शिरगणतीपेक्षा लाखोंनी वाढलेला निघाला.

शिवाय कायद्यात पळवाटा होत्या. पोलिसांना आपणहून कारवाई करता येत नव्हती. कोणीतरी खाजगी माणसाने कोर्टात फिर्याद करायची, तीही वर्षाच्या आत. फिर्यादीकडून शंभर रुपयांपर्यंतचा जातमुचलका मागण्याची सोय होती. गावात राहून पाटलाच्या किंवा सावकाराच्या घरच्या लग्नाविरुद्ध फिर्याद कोण करणार? आणि शंभर रुपये त्या काळी शेतमजुराने पाहिले तरी होते काय? कायदा पुस्तकात राहिला. सरकार धर्माच्या नावाने होणाऱ्या विरोधाला भिते आणि आपलाच कायदा लुळा पाडते, हे रॅथबोन यांनी पुराव्यानिशी दाखवून दिले.

दुसरा प्रश्न मताधिकाराचा. १९३५ च्या कायद्याची तयारी चालू होती. मत मालमत्तेवर होते आणि मालमत्ता पुरुषाच्या नावावर. तेव्हा मालमत्तेमुळे मत मिळालेल्या पुरुषाच्या पत्नीलाही मत द्या आणि स्त्रियांसाठी काही जागा राखून ठेवा, असा रॅथबोन यांचा आग्रह होता. पत्नीने मतासाठी आधी अर्ज करावा, ही अट काही प्रांतांसाठी घालण्यात येत होती, तिलाही त्यांनी विरोध केला. न शिकलेली बाई कचेरीत अर्ज घेऊन जाणार कशी, हा त्यांचा रास्त सवाल होता.

परंतु हिंदी स्त्रियांच्या मोठ्या संघटनांना हे मान्य नव्हते. १९३३ मध्ये राजकुमारी अमृत कौर, डॉ. रेड्डी आणि बेगम हमीद अली लंडनला गेल्या आणि पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. नवऱ्याच्या नावाने मिळणारे मत नको, स्त्रीला ती नागरिक म्हणून मत हवे, अशी त्यांची भूमिका होती. शेवटी १९३५ च्या कायद्याने सुमारे ६० लाख स्त्रियांना मत मिळाले. पूर्वीच्या मानाने ही वाढ फार मोठी होती. पुरुष मतदार मात्र याच्या सुमारे पाचपट होते.

येथे आपण आपल्या घराचा विचार करावा. ज्याच्या नावावर जमीन नाही, जो करदाता नाही, अशा महारवाड्यातल्या किंवा मांगवाड्यातल्या मजुराच्या बायकोला नवऱ्याच्या मालमत्तेवरून मत कसे मिळणार होते? नवऱ्यालाच जेथे मत नाही तेथे तिला कोठून? रॅथबोन यांचा हिशेब व्यवहारी होता, आज मिळेल तेवढे पदरात पाडून घ्यावे असा. परंतु त्या हिशेबात सर्वांत खालची बाई बसत नव्हती. बाबासाहेबांनी १९२८-२९ मध्ये सायमन कमिशनच्या वेळी आणि पुढे पहिल्या गोलमेज परिषदेतही प्रौढ मताधिकाराची मागणी केली. स्त्री असो वा पुरुष, मालमत्ता असो वा नसो, वयात आलेल्या प्रत्येकाला मत. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेने ते दिले आणि १९५१-५२ च्या निवडणुकीत आपल्या आज्या रांगेत उभ्या राहिल्या. कोणाची पत्नी म्हणून नव्हे, या देशाची नागरिक म्हणून.

रॅथबोन यांच्या मर्यादा आणखीही होत्या. १९४१ मध्ये त्यांनी हिंदी मित्रांना उद्देशून खुले पत्र लिहून युद्धात ब्रिटनला साथ न दिल्याबद्दल दोष दिला. रवींद्रनाथ टागोरांनी आजारी अंथरुणावरून त्यांना कडक उत्तर दिले. राज्यकर्त्यांच्या देशात जन्मलेल्या माणसाला आपल्या पायाखालची जमीन दिसत नाही ती अशी.

तरीही त्यांच्या आयुष्याचा शेवट विजयाचा झाला. १९४५ मध्ये मुलांच्या भत्त्याचे विधेयक पार्लमेंटमध्ये आले. सरकारच्या मसुद्यात पैसे बापाच्या हक्काचे ठरवले होते. बहात्तर वर्षांच्या रॅथबोन उभ्या राहिल्या. आईला मिळणार नसेल तर ज्या विधेयकासाठी जन्म घालवला त्याच्या विरुद्ध आपण मत देऊ, असे त्यांनी बजावले. सरकार नमले. पहिले मूल सोडून पुढच्या प्रत्येक मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग आईच्या हाती देण्याचे ठरले. २ जानेवारी १९४६ रोजी त्या वारल्या आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भत्त्याचे पहिले वाटप झाले.

मुंबईच्या कायदेमंडळात जुलै १९२८ मध्ये बाबासाहेबांनी गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या रजेच्या व भत्त्याच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा बराचसा भार सरकारने उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. हजारो मैलांच्या अंतरावर दोन माणसे एकाच सत्याकडे आली, की मूल वाढवणाऱ्या आईचे समाजावर ऋण आहे.

या सर्वांतून आपण काय घ्यावे? आम्हाला असे वाटते, की रॅथबोन जेथे लिव्हरपूलच्या बायकांच्या घरात जाऊन, त्यांचे ऐकून बोलल्या, तेथे त्यांना पूर्ण यश आले. जेथे त्या न पाहिलेल्या बायकांच्या वतीने बोलल्या, तेथे हेतू चांगला असूनही त्या अडखळल्या. हा नियम आपल्यालाही लागू आहे. आपल्या मंडळाच्या सभेत महिलांच्या प्रश्नावर ठराव होतात. त्या वेळी बोलणाऱ्या महिला किती असतात? भटक्या-विमुक्त भगिनींविषयी, ऊसतोड कामगार बायकांविषयी आपण भाषणे करतो. त्यांच्या पालावर, त्यांच्या कोपीवर आपण किती वेळा गेलो?

आणि दुसरी गोष्ट. शारदा कायद्यात जे नव्हते ते आज आहे. २००६ च्या कायद्याखाली बालविवाह हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे. आपल्या राज्यात गावपातळीवर प्रतिबंध अधिकारी म्हणून जबाबदारी नेमून दिलेली आहे. १०९८ या क्रमांकावर कोणीही मुलीसाठी मदत मागू शकतो. जातमुचलका नको, कोर्टाची पायरी नको. तरीही आपल्या वस्त्यांत दहावीच्या आतच मुलीची हळद लागत असेल, तर तो दोष आता लंडनच्या सरकारचा नाही. तो आपला आहे.

विद्यार्थिनींना आमची एवढीच विनंती आहे. विधानसभेत, संसदेत काय विचारले जाते ते वाचत जा. आपल्या प्रश्नांची टिपणे काढा, आकडे गोळा करा, आमदार-खासदारांना पत्रे लिहा. आमच्या वतीने कोण बोलणार, असे विचारायची वेळ आता राहिलेली नाही. तुम्हीच बोलायचे आहे.

 जयभीम!