व्यायामाची गोडी लागावी कशी?

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत पाणी, शेतमालाचे भाव, शिक्षण अशा विषयांच्या रांगेत माझा विषय पाहून आपल्यापैकी काहींना गंमत वाटली असेल. अर्थशास्त्राच्या निवृत्त अध्यापकाने व्यायामावर बोलावे, हे तर अधिकच विपरीत. परंतु सूर्यनमस्कार किती घालावेत हे सांगण्यासाठी मी उभा राहिलेलो नाही. मला एक प्रश्न आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. व्यायाम हितकर आहे हे ज्याला पटलेले नाही, असा मनुष्य आज शोधूनही सापडणार नाही. तरीही तो करणारे थोडे, आणि सुरू केलेला टिकवणारे त्याहून थोडे. असे का व्हावे? इच्छाशक्ती कमी पडते, हे याचे ठरीव उत्तर. ते मला मान्य नाही. गरीब माणूस आळसामुळे गरीब राहतो असे म्हणणाऱ्यांच्या युक्तिवादाशी त्याचे फार जवळचे नाते आहे.

२०२४ मध्ये 'लॅन्सेट' समूहाच्या नियतकालिकात एक जागतिक पाहणी प्रसिद्ध झाली. २०२२ साली भारतातील जवळजवळ निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल पुरेशी नव्हती, असे तिचे अनुमान आहे; पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के. निम्मा देश एकाच वेळी दुबळ्या मनाचा निघाला, असे मानण्यापेक्षा परिस्थितीत काही दोष आहे असे मानणे अधिक शास्त्रीय ठरेल.

थोडे स्वतःविषयी सांगतो, कारण या प्रश्नाकडे मी वळलो तो स्वतःच्या फजितीतून. निवृत्तीनंतर रक्तातील साखर वाढली. डॉक्टरांनी चालावयास सांगितले. मी इमारतीच्या गच्चीवर एकट्याने फेऱ्या मारू लागलो आणि सवयीप्रमाणे वहीत नोंदी ठेवू लागलो. एकोणिसाव्या दिवसानंतर वही कोरी आहे. पुढे काही महिन्यांनी शेजारचे एक निवृत्त पोस्टमन सकाळी खिडकीखाली उभे राहून "सर, येताय ना?" अशी हाक मारू लागले. त्या हाकेला तिसरे वर्ष चालू आहे. माझी इच्छाशक्ती मधल्या काळात वाढली असे म्हणण्यास काहीच पुरावा नाही. बदल झाला तो एवढाच, की खाली कोणीतरी वाट पाहत होते, आणि वाटेत भांडावयास एक जोडीदार मिळाला होता. (त्यांचे आणि माझे राजकारण मुळीच जुळत नाही. चालण्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे.)

पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्येच लिहून ठेवले आहे की दूरचे सुख मनुष्याला प्रत्यक्षाहून लहान दिसते. आपली दूरदृष्टीच सदोष असते. वीस वर्षांनंतर हृदयविकार टळेल, हे आश्वासन आजच्या पहाटेच्या झोपेपुढे टिकत नाही ते त्यामुळेच. भीती घालून हा दोष जात नाही. डॉक्टरांनी घातलेली भीती, माझ्या अनुभवाने, एकोणीस दिवस पुरते. तेव्हा व्यायामाचे फळ वीस वर्षांनी नव्हे, तर आज संध्याकाळी, तेथेच, हातात पडले पाहिजे. म्हणजे तो करताना मजा आली पाहिजे.

ही युक्ती आपल्या समाजाला नवीन नाही. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट वारकरी पायी तुडवतात. त्यांत साठी-सत्तरी ओलांडलेले असंख्य असतात. त्यांतील एकालाही आपण व्यायाम करीत आहोत असे वाटत नाही. दिंडीतली सोबत आहे, टाळ आहे, रिंगणाची वाट पाहणे आहे. पाय आपोआप पडतात. मंगळागौरीच्या रात्री झिम्मा-फुगडी खेळणाऱ्या स्त्रियांच्या अंगाला जो घाम येतो, तो एखाद्या महागड्या व्यायामशाळेतही सहज येणार नाही. वर्षातून एक रात्र एवढ्यावर समाजाने त्यांची बोळवण केली, हा भाग निराळा. आणि १९४१ साली उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाने संध्याकाळच्या शाखेत हेच केले. आधी मैदानावर खेळ, लेझीम, मग गाणी आणि गप्पा. मी शाळकरी वयात शाखेत जाऊ लागलो तो समाजवादाच्या ओढीने नव्हे. लंगडीत मला गडी होण्याचा मान मिळत असे म्हणून गेलो. समाजवाद मागाहून आला.

आता कोणी विचारील, की कष्टकऱ्याला या खेळांची काय गरज? त्याचा व्यायाम कामातच होतो. हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. लंडनमध्ये जेरी मॉरिस या संशोधकाने १९५३ मध्ये दुमजली बसगाड्यांवरील ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा वर्ग एक, मालक एक, गाडीही एक. फरक इतकाच की ड्रायव्हर पाळीभर बसून, तर कंडक्टर सतत जिन्याच्या पायऱ्या चढत-उतरत. कंडक्टरांत हृदयविकार कमी आढळला, आणि आढळला तोही उशिरा व सौम्य. मॉरिस प्रामाणिक माणूस. तीनच वर्षांनी त्याने गणवेशांची मापे तपासली, आणि ड्रायव्हर मंडळी नोकरीला लागतानाच कंबरेने अधिक रुंद असत, म्हणजे सगळे श्रेय जिन्याला देता येत नाही, हेही स्वतःच छापले. टपाल खात्यातील कर्मचाऱ्यांवरही त्याने काम केले. मूळ निष्कर्ष टिकला. हा गृहस्थ नव्याण्णव वर्षे जगला.

परंतु कंडक्टरचा जिना आणि हमालाची पाठ यांत अंतर आहे. अलीकडच्या काही अभ्यासांत असे दिसते की फुरसतीतील हालचाल जे देते, ते जड अंगमेहनत देत नाही. कधी उलट झिजवते. ओझे उचलणारा स्वतःच्या मर्जीने थांबू शकत नाही, श्वास घेण्यापुरता बसू शकत नाही. खेळणारा केव्हाही रेषेबाहेर जाऊन बसू शकतो. मला या फरकात सगळा प्रश्न सापडतो. शरीर तेच, घामही तोच. पण एकदा ते दुसऱ्याच्या हुकमाने हलते आणि एकदा स्वतःच्या.

म्हणून कामाचे तास हा व्यायामाचाच विषय आहे. १९२२ च्या कारखाना कायद्याने आठवड्याचे तास ६० वर आणले, १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत ५४ वर, आणि १९४६ च्या दुरुस्तीने ४८ वर. हे तास कामगारांच्या लढ्याशिवाय खाली आले नाहीत. गिरणगावातील चाळी-चाळींमधून व्यायामशाळा आणि कबड्डीची मंडळे उभी राहिली, ती पाळी सुटल्यावर अंगात जे उरत होते त्यावर. २०२५ च्या सप्टेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजच्या कामाची कमाल मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली. बारा तासांनंतर, वर लोकलचा प्रवास जमेस धरून, कोणता मनुष्य लेझीम हातात घेणार आहे? या निर्णयाविरुद्धच्या आपल्या निवेदनांत वेतनाचा मुद्दा आला, सुरक्षिततेचा आला. संध्याकाळ गेली, हा मुद्दा कोणी लिहिलेला मला आढळला नाही.

स्त्रियांचे गणित याहून कठीण आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालविनियोग पाहणीप्रमाणे घरातील बिनमोबदल्याच्या कामात गुंतलेली स्त्री त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवते, आणि त्याच कामात हात घालणारा पुरुष ८८. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला मध्यम श्रमाची १५० ते ३०० मिनिटे हालचाल सुचवते. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. घरातील पुरुषांनी दिवसाचा अर्धा तास उचलला, तर आठवड्याला २१० मिनिटे मोकळी होतात. यासाठी शासनाकडे मोर्चा नेण्याची आवश्यकता नाही. येथे बसलेल्या किती साथींच्या घरी आज रात्रीची भांडी कोण घासणार आहे, हे मी विचारीत नाही.

आणि जागा? कबड्डीचे पुरुषांचे मैदान तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद. एवढीशी जागा. पण ती आहे कोठे? मुंबईत बंद गिरण्यांच्या जमिनींसाठी १९९१ ची विकास नियमावली होती. तिच्यानुसार, ढोबळमानाने, एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेली मालकांना जावयाची होती. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची न राहता, बांधकाम नसलेल्या जागेपुरती उरली, आणि गिरण्यांत अशी जागा थोडीच होती. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य ठरवला. त्या जमिनींवर आज जे मनोरे उभे आहेत त्यांच्या आत उत्तम व्यायामशाळा आहेत, असे ऐकतो. पूर्वीच्या गिरणी कामगारांची नातवंडे तेथे पहारेकरी म्हणून उभी असली तर मला आश्चर्य वाटणार नाही. बारा तास उभी असली तर, व्यायाम झाला म्हणावयाचे काय?

असो. तक्रार करण्यात आपण सारे तरबेज आहोत, आणि ती बसून करता येते. कार्यकर्त्यांच्या प्रकृतीकडेही जरा पाहावे. सभा, चहा, तंबाखू, रात्रीची जागरणे, पुन्हा सभा. १९८३ साली चंद्रशेखर कन्याकुमारीहून दिल्लीच्या राजघाटापर्यंत पायी चालत गेले. आज आपण शेजारच्या वाडीत जावयाचे तर मोटारसायकलची वाट पाहतो.

माझी सूचना लहान आहे. प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील एक जागा हेरावी. बहुतेक ठिकाणी ती शाळेची असते, आणि शाळा सुटताच तिला कुलूप लागते. ते कुलूप संध्याकाळी दोन तास उघडावे आणि तेथे दिवा असावा, यासाठी ग्रामपंचायतीकडे वा नगरपालिकेकडे धरणे धरावे लागले तर धरावे. दिवा नसेल तर मुली येणार नाहीत, म्हणून दिवा आधी. त्या जागेवर काय खेळावे हे येणाऱ्यांनी ठरवावे. खो-खो, हुतूतू, दोरीवरच्या उड्या, म्हाताऱ्यांसाठी नुसते चालणे आणि एका पायावर उभे राहून तोल सांभाळणे. फुगडीला श्रावणाची वाट पाहू नये. स्पर्धा आणि चषक यांपासून शक्यतो दूर राहावे, कारण चषक आला की चांगले खेळणारे सात उरतात आणि बाकीचे प्रेक्षक होतात. हालचाल सलग दहा मिनिटे तरी झाली पाहिजे, ही जुनी अट आरोग्य संघटनेने २०२० मध्ये काढून टाकली आहे. तेव्हा पाच मिनिटे खेळून दमलेल्याला कोणी हसू नये. आणि एक माणूस असा नेमावा, की ज्याचे काम फक्त हाका मारणे. हे पद अध्यक्षपदाहून महत्त्वाचे मानण्यास माझी हरकत नाही.

उद्या सकाळी साडेसहाला या शाळेच्या मागील पटांगणात लंगडीचे दोन डाव ठेवावेत आणि नंतरचे चर्चासत्र अर्धा तास पुढे ढकलावे, अशी विनंती मी शिबिरप्रमुखांना केली आहे. पटांगणाची किल्ली मिळाली आहे. चर्चासत्राबाबत त्यांनी अद्याप होकार दिलेला नाही.