पिकअपच्या टायरचा भारांक
पुरंदर तालुक्यातून दिवे घाट उतरून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भाजीपाला आणणाऱ्या मध्यम पिकअप वाहनांच्या बाबतीत टायरची निवड केवळ मापावरून केली जाते, परंतु त्याच्या कडेवर मापाच्या पुढे छापलेला भारांक, म्हणजे ठरावीक हवेच्या दाबावर एक टायर किती वजन पेलू शकतो हे दर्शविणारा सांकेतिक आकडा, बहुधा दुर्लक्षितच राहतो. हा आकडा किलोग्रॅमचा नव्हे; 100 म्हणजे 800 किलो, 108 म्हणजे 1000 किलो, तर 112 म्हणजे 1120 किलो. ‘112/110’ अशी जोडी असल्यास पहिला आकडा एकेरी चाकासाठी आणि दुसरा जोडचाकासाठी असतो. त्यापुढील अक्षर कमाल वेग सांगते.

हिशेब संपूर्ण वाहनाचा न करता आसागणिक करावा लागतो, कारण हौद्यातील मालाचा बहुतांश भार मागील आसावर येतो. समजा, भरलेल्या अवस्थेत त्या आसावर 1900 किलो असतील, तर प्रत्येक टायरवर 950 किलो येतात. 106 हा भारांक तेवढाच भार पेलत असल्याने 108 किंवा 110 निवडणे श्रेयस्कर ठरते. हवा कमी असल्यास मात्र हा हिशेबच कोसळतो, कारण टायरची भिंत वारंवार वाकून आतून तापते. शिवाय अधिक भारांकाचा टायर बसविल्याने वाहनाची नोंदणीकृत भारक्षमता वाढत नाही. पाटे, आस आणि ब्रेक पूर्वीचेच राहतात.