बोटभर दोरीचा फासा

पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडात नऊवारी नेसून विमानातून उडी घेतली. सगळ्यांनी नऊवारी पाहिली. माझं लक्ष पाठीवरच्या पिशवीकडं. छत्री आत दाबून पिशवीच्या पाकळ्या मिटतात, त्यांच्या छिद्रांतून बोटभर दोरीचा फासा काढतात, फाशात पिन घालतात. पिन ओढली की पिशवी उघडते.

हा फासा घासून झिजतो. तुटला तर छत्री नको तेव्हा उघडते, अगदी विमानाच्या दारातसुद्धा. सैल असला तरी पिन निसटू शकते. म्हणून घडी घालताना दरवेळी तो चाचपायचा, तंतू निघाले दिसले की बदलायचा. स्वस्तच असतो हो!

आमच्या घरी विहिरीचा दोर तुटला, बादली गेली. तंतू कधीचे निघाले होते. उद्या पाणी काढायच्या आधी तुमचा दोर गाठीपाशी बघा.