डाळ का शिजत नाही?

बोअरच्या पाण्यात तूरडाळ कितीही वेळ शिजत ठेवा, दाणा अनेकदा कडकच राहतो. दोष दरवेळी डाळीचाच नसतो. खडकांतून झिरपताना पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतं. तेच क्षार साबणाचा फेस होऊ देत नाहीत आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढवतात. मग वीजही जास्त लागते. भारतीय मानकानुसार या क्षारांमुळे पिण्याच्या पाण्याला येणारा कठीणपणा लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल, तर 600 पर्यंत चालतो. डाळीसाठी पाणी आधी उकळून निववा, साका तळाशी बसू द्या, वरचं निवळ पाणी घ्या. बायकार्बोनेटमुळे आलेला कठीणपणा त्यानं बराच उतरतो, सल्फेटचा मात्र नाही. तुरटी गढूळपणा घालवते, कठीणपणा नव्हे.