दार लावून घेतलेली घरं



  समुपदेशक, शिक्षक, मनोविकारतज्ज्ञ आणि समाजसेवा अधीक्षकांच्या आपल्या या अधिवेशनात पौगंडावस्थेतल्या मनोविकारांवर दोन दिवस भरगच्च सत्रं आहेत. निदान आहे, औषधं आहेत, शाळेची भूमिका आहे. पण सोळा वर्षांच्या मुलाने रात्री कपाटाची काच फोडली, आईच्या अंगावर धावून गेला आणि सकाळी त्याच आईने त्याच्यापुढे चहाचा कप ठेवायचा आहे, त्या घराचं काय करायचं यावर एकही सत्र नाही. आयोजकांना बोल लावत नाही. आपल्या कुणाच्याच अभ्यासक्रमात तो धडा नव्हता.

अशी घरं थोडी नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलामुलींमध्ये मानसिक विकार आढळले. साठ मुलांच्या वर्गात चार-पाच. सगळीच काचा फोडत नाहीत हे खरं. काही नुसती अंथरुणात पडून असतात आणि ती आपल्यापर्यंत आणखी उशिरा येतात. ‘वयात आलंय, होतं असं’, ‘दहावीचं टेन्शन आहे’ असं म्हणण्यात वर्ष जातं. गाणगापूर होतं, गंडादोरा होतो, मग कुणीतरी जिल्हा रुग्णालयाचा रस्ता दाखवतं.

जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत एक बाई यायच्या. घरातल्या सगळ्या सुऱ्या आणि विळी त्यांनी तांदळाच्या पिंपात तळाशी पुरून ठेवली होती. भाजी शेजारणीकडे जाऊन चिरायच्या आणि तिला सांगायच्या, ‘आमच्या विळीला धार राहिली नाही.’ न्हाणीघराची आतली कडी नवऱ्याने पान्याने काढून टाकली होती. मुलगी हातावर कापून घ्यायची, म्हणून. एवढा बंदोबस्त चालू होता, पण सख्ख्या दिराला पत्ता नव्हता. का? तर थोरलीचं लग्न ठरत होतं.

या लपवण्याबद्दल आज बोलायचं आहे. आजार मुलीला झालेला असतो, पण दार अख्खं घर लावून घेतं. मग मदत करू शकणारी माणसं, आत्या, मामा, वर्गशिक्षिका, सगळी बाहेर राहतात आणि आत दोन थकलेले पालक उरतात. घरात मारहाण करणाऱ्या मुलालाही पक्कं ठाऊक असतं, की हे बाहेर कुणाला सांगणार नाहीत.

आता आपल्याकडे पाहू. पालक लपवतात, कारण बोलल्यावर काय होतं ते त्यांना माहीत असतं, आणि त्यात आपल्या शास्त्राचाही हात आहे. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमन यांनी स्किझोफ्रेनिया घडवणारी आई अशी एक कल्पनाच मांडली. ऑटिझमचं खापर ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७च्या पुस्तकात आईबापांच्या थंडपणावर फोडलं. दोन्ही मतं पुढे टिकली नाहीत. पण आपल्या तपासणीच्या खोलीतला पहिला प्रश्न अजून ‘घरात काही भांडणं होतात का?’ हाच असतो, आणि तो विचारताना आपली नजर आईवर असते. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की सतत टोचून बोलणं, राग आणि अति गुंतणं असलेल्या घरांत स्किझोफ्रेनियाचे रुग्ण लवकर पुन्हा आजारी पडतात. निष्कर्ष खरा आहे. मात्र घरच्यांना आजार समजावून आधार दिला तर पुन्हा आजारी पडण्याचं प्रमाण घटतं, असंही पुढच्या प्रयोगांत दिसलं. आपण पहिला भाग पालकांना ऐकवतो आणि दुसऱ्यासाठी आपल्याला वेळ नसतो.

तेल अवीवचे मानसशास्त्रज्ञ हाइम ओमर यांनी अशा पालकांसाठी एक पद्धत बसवली. तिचं मूळ गांधीजींच्या अहिंसक प्रतिकारात आहे. आपल्याकडे तिची चर्चा इतकी कमी का, याचं मला नवल वाटतं. पद्धत अशी: भांडण पेटलेलं असताना काहीही ठरवायचं नाही. सगळं निवल्यावर आईवडील दोघांनी मिळून मुलाला शांतपणे सांगायचं, की यापुढे मारहाण आणि तोडफोड आम्ही चालवून घेणार नाही आणि हे आता आम्ही झाकूनही ठेवणार नाही. नंतर त्याच्या खोलीत जाऊन काही वेळ नुसतं बसायचं. ओरडायचं नाही, धमकी द्यायची नाही, मारायचं तर नाहीच. मार्ग तू सुचव, आम्ही थांबलोय, एवढंच. आणि सर्वांत अवघड भाग म्हणजे विश्वासातल्या चार माणसांना सगळं सांगायचं. मामाने फोन करून म्हणायचं, ‘काल काय झालं ते मला कळलंय. तू मला हवा आहेस, पण आईवर हात उचललेला चालणार नाही.’ याच्या जोडीला, कसलीही अट न घालता, त्याच्या आवडीचं थालीपीठही करायचं.

‘हा मुद्दाम करतो की आजारामुळे?’ हे प्रत्येक बाप विचारतो. बहुतेक वेळा दोन्ही असतं. औषध आजाराला द्यायचं, मर्यादा वागण्याला घालायची, आणि एक चालू असताना दुसरं थांबवायचं नाही. पण भास होत असतील, मूल मरणाची भाषा बोलत असेल, तर खोलीत बसून राहण्याची ती वेळ नव्हे. तेव्हा गोळ्या आणि शेतीचं औषध त्याच दिवशी घराबाहेर हलवायचं, एकटं सोडायचं नाही आणि दवाखाना गाठायचा. रात्री-अपरात्री टेलिमानस या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो किती शाळांच्या फलकावर लिहिलेला आहे, हे शिक्षकांनी जेवणाच्या सुट्टीत मला सांगावं.

शेवटी कामाचं एक. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो, की अल्पवयीन मुलाला दाखल करण्याआधी दोन तज्ज्ञांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावं, त्याला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवावं आणि नामनिर्देशित प्रतिनिधीने, म्हणजे बहुधा पालकाने, किंवा त्याने नेमलेल्या सोबत्याने पूर्ण काळ त्याच्याजवळ थांबावं. तरतूद योग्यच आहे. पण थांबणारी आई मोलमजुरी करणारी असेल तर तिचा रोज बुडतो, धाकटं पोर शेजाऱ्यांच्या हवाली होतं आणि ती वॉर्डात खाटेखाली सतरंजीवर झोपते. उद्या दुपारच्या खुल्या अधिवेशनात या आयांसाठी खाट, जेवण आणि बुडीत मजुरी मिळावी असा ठराव येणार आहे. त्याचा मसुदा मी वाचला. सूचक डॉक्टर आहेत, अनुमोदकही डॉक्टरच. शेवटच्या दोन रांगांत काही पालक बसले आहेत, कार्यकर्त्यांनी त्यांना पासही ‘निमंत्रित’ असे दिलेत. त्यांच्यापैकी कुणाची तयारी असेल, तर सूचक म्हणून त्यांचं नाव घालावं आणि बोलायला त्यांना आपल्याइतकाच वेळ द्यावा, अशी अध्यक्ष या नात्याने माझी सूचना आहे.